पाच मार्कांचा बुद्ध

एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि एकतीसही वर्षं सिद्धार्थाला एकाच रथात बसवून राजवाड्याबाहेर काढला. जन्म लुंबिनी. सातव्या दिवशी आई गेली, मावशीने वाढवलं. मग नगरफेरी: म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी. गृहत्याग, सहा वर्षं तप, पिंपळाखाली ज्ञान, सारनाथला पाच जणांसमोर पहिला उपदेश, ऐंशीव्या वर्षी कुशीनगर. दहा मुद्दे, पाच मार्क. मुद्दा सुटला की मी अर्धा मार्क कापायचो. खुद्द बुद्ध पेपर लिहायला बसला असता आणि लुंबिनी विसरला असता, तर त्याचाही कापला असता.

निवृत्त होऊन अमरावतीत घरी बसलो, तेव्हा हे सगळं ज्ञान ऐकवायला फक्त बायको उरली. ती ऐकत नसे. म्हणून तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, तेव्हा मी फारच हुरळलो. ती तिथे अंगणवाडी सेविका आहे. म्हणाली, "सर, बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात बुद्धाच्या जीवनावर बोलाल काय?"

मी नवा पांढरा कुर्ता शिवून घेतला. आरशासमोर भाषणाची तालीम केली. प्रेताच्या मुद्द्यापाशी डोळे मिटून थोडं थांबायचं, हेही ठरवलं. बायको म्हणाली, "तुम्ही बुद्धावर बोलणार आहात की बुद्ध होणार आहात?"

वैशाखातलं ऊन सकाळी नऊलाच अंगाला चटके देत होतं. विहार पांढऱ्या साड्यांनी भरला होता. सगळे "जय भीम सर" म्हणत होते आणि मी गोंधळून कधी नमस्कार करत, कधी नुसती मान हलवत होतो. आमच्याही गावात विहार होता. लहानपणी रोज त्याच्यासमोरून शाळेत गेलो, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. कोणी अडवलं नव्हतं, कोणी बोलावलं असतं तरी गेलो असतो की नाही कोण जाणे. पुढे मास्तर झालो तेव्हा तर प्रश्नच मिटला, कारण बुद्ध मला आधीच येत होता.

भाषण छान चाललं होतं. प्रेत आलं. मी डोळे मिटले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"सर, रागावू नका. एक इचारू काय?"

डोळे उघडले. सत्तरीच्या पुढची एक आजी होती. मी उदारपणे मान डोलावली.

"तवा तो किती वर्साचा होता?"

"एकोणतीस." हा माझा हमखास मार्कांचा मुद्दा.

"एकोनतीस वर्साचा मानूस. लगन झालेलं, पोरगं झालेलं. त्यानं म्हातारा पायलाच नव्हता? त्याचा बाप म्हातारा झाला नव्हता काय? अन् सातव्या दिवशी माय मेली, हे तुमीच आता सांगतलं. मंग त्याले मरन मालूम नव्हतं, असं कसं होईन?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी म्हणालो, "राजाने ते सगळं त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं."

"लपवून लपवून किती लपवन, सर?"

बायका हसल्या. माझी विद्यार्थिनी पदराआड हसली, ते मला जास्त लागलं. मी विचारलं, "मग तुम्हीच सांगा, तो घर सोडून कशाला गेला?"

"पान्यावरून," आजी म्हणाली. "इकडं शाक्य, तिकडं कोलीय, मंधात रोहिणी नदी. दोघायचे वावरं तिच्याच पान्यावर. एका वर्सी पानी पयले कोनं घ्यावं म्हनून डोके फुटले. शाक्यायची सभा बसली. लढाई करा म्हने. हा एकटाच उभा राह्यला, लढून पानी वाढत नाही म्हने, बसून बोला. कोनी आयकलं नाही. उलटं त्यालेच म्हनलं, लढाईले चाल, नाही त तुया घरच्यायचं वावर जप्त करतो. मंग हा म्हने, घरच्यायले कायले तरास? मीच देश सोडून जातो."

"हे तुम्ही कुठे वाचलं?"

"मले कुठं वाचता येते? दर पावसाळ्यात आमी इथं तीन महिने बुद्धाचा ग्रंथ लावतो, एकजन वाचते, बाकीचे आयकते. आयकून आयकून पाठ झालं." मग तिने सहज विचारलं, "तुमचं वावर हाय काय, सर?"

"आहे. मोर्शीकडे. संत्र्याची बाग."

"पानी हाय?"

"विहीर आहे," मी म्हणालो आणि पुढचं भाषण दहा मिनिटांत उरकलं. सारनाथ, कुशीनगर, धन्यवाद.

कारण नव्या कुर्त्याच्या खिशात एक किल्ली होती. ती विहीर माझी आणि माझ्या थोरल्या भावाची, सामायिक. मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या. दादाने माझ्या पाळीला दोनदा पाणी ओढलं, असं कोणीतरी सांगितलं आणि मी तडक जाऊन स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालून आलो. त्याला पंधरा दिवस झाले होते. मी अमरावतीत कूलरसमोर बसलेलो, त्यामुळे माझ्याही पाळीला पाणी कोणी देत नव्हतं. दोघांचीही झाडं वाळत होती, आणि त्याला मी तत्त्व म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मोर्शी गाठली. वाटेत भाषण जुळवत होतो: रोहिणी नदी, दोन कुळं, समेट. बागेत पोचलो तर दादा डोक्यावर कॅन घेऊन झाडांना पाणी घालत होता. वय बहात्तर. मला बघून त्याने कॅन खाली ठेवली नाही.

"काहून आला?"

"कुलूप उघडायले," मी म्हणालो. बाकीचं भाषण एसटीतच राहिलं.

"तुले काय वाटलं, मले तोडता येत नव्हतं? एका दगडाचं काम होतं."

"मंग तोडलं काहून नाही?"

"तू लहान हायस," तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

मी पेटीशी उभा राहिलो. घामाने किल्ली निसटत होती, कुलूप तापलं होतं आणि कोणी बघत नाही हे पाहून मी डोळे पुसले. मोटार सुरू झाली. पण पाळ्यांचा वाद तसाच होता. दादा म्हणे, पाणी ओढलं ते एकदाच आणि तेही त्याच्या पाळीत लाइट गेल्याची भरपाई म्हणून. आमचा आवाज चढला तेव्हा वहिनी बाहेर आली.

"पाळी-बिळी काही नाही," ती म्हणाली. "जे झाड जास्त वाळलं, त्याले पयले पानी. कोनाचं हाय ते इचारायचं नाही."

वहिनीने स्वतः फिरून झाडं निवडली. पहिले चार दिवस सगळं पाणी दादाच्याच वाट्याला गेलं, कारण त्याची झाडं उताराच्या वरच्या अंगाला आहेत आणि तिथली जमीन आधी सुकते. माझ्या वाट्याची अकरा झाडं पुढे वाळून गेलीच. मी समजूतदारपणे गप्प राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं होतं. वहिनीने ताकाचा गिलास हातात दिला आणि म्हणाली, "भाऊजी, प्या. उन्हात डोकं तापते."