पालकांच्या रांगेतला माईक

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये गुणवंतांचा सत्कार असला की तोच व्हिडिओवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो हॉलमधले पंखे बंद करायचा, हेडफोन लावून डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहायचा. मग एक माईक माझ्या कॉलरला आणि दुसरा थेट पालकांच्या रांगेत.

एकदा घामानं वैतागून मी म्हणालो, "भाषण मी करणार. तिकडं माईक कशाला?"

वायरीवर चिकटपट्टी लावत तो म्हणाला, "सर, भूकंपाच्या आधी किल्लारीकडं लई लग्नं शूट केली. समद्या कॅसेटवर सिनेमाची गाणी टाकली, तवा तसंच चालायचं. भूकंपानंतर एक जण कॅसेट घेऊन आला, आईचा आवाज ऐकायचा म्हणला. आई दिसत व्हती, बोलत व्हती. आवाज गाण्याचाच."

त्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो आणि मागून कुणाची तरी आई पोराला हाका मारू लागली. एरवी मी तिला बाहेर काढलं असतं. तिचं होईपर्यंत मी थांबलो. कॅमेऱ्यामागं त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता.