मी असताना न बसणारा सर्व्हर

इंदापूरकडच्या एका दूध संघाचा सर्व्हर मधूनच बसायचा. सीपीयूवरचा भार अचानक शंभर टक्क्यांवर जायचा, सगळे टर्मिनल गोठायचे, आणि थोड्या वेळानं जसं काही झालंच नाही. कारण शोधायला मी बारामतीहून एसटीनं जायचो, दिवसभर पडद्याला डोळे लावून बसायचो. भार ढिम्म हलायचा नाही. मशीनवर चिडायचो, स्वतःवरही.

एकदा चहा घेताना मागं वळून पाहिलं. सगळे कारकून टर्मिनल बंद करून हाताची घडी घालून बसलेले.

"अहो, कामं का थांबवलीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

हेडक्लार्कना मी तात्या म्हणायचो. ते शांतपणे म्हणाले, "तुमी तपासताय, आन् मधी आमी हात घालायचा? बरं दिसतं व्हय?"

मी हातापाया पडलो, "नेहमीसारखं सगळ्यांनी एकदम काम करा." टर्मिनल चालू झाले. पण माझा मान राखून एकानं बटणं दाबायची, त्याचं संपलं की दुसऱ्यानं. भार तसाच, ढिम्म.

संध्याकाळी बारामतीत उतरून फोन केला.

तात्या म्हणाले, "तुमची एसटी हलली आन् लगीच बसलं बघा. उद्या येताय न्हवं?"