खंडेनवमीनंतरचे विसराळू उंदीर

“हर्षलाचं कन्फर्मेशन मी थांबवतोय,” पाटणकर सर म्हणाले. “तिच्या हातात निरोगी उंदीरसुद्धा फेल होतायत.”

पाटणकर सर म्हणजे पनवेलजवळच्या आमच्या लॅबचे प्रमुख. हर्षला गव्हाणची, प्रोबेशनवरची टेक्निशियन. आणि मी त्या उंदरांची परीक्षा घेणारी. नातेवाइकांना मी नुसतंच ‘रिसर्च’ म्हणते, नाहीतर लग्नकार्यात लोक घरातल्या उंदरांवर औषध विचारतात.

काम असं. उंदराला स्किझोफ्रेनिया होत नाही. पण त्या आजारात स्मरणशक्तीचं जे होतं, तसं काहीसं औषध देऊन उंदरात घडवता येतं. मग नव्या गोळीनं फरक पडतो का ते बघायचं. उंदीर काही पेपर लिहीत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पेटीत दोन सारख्या वस्तू ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एक बदलायची. आधीची आठवत असेल तर उंदीर नव्या वस्तूपाशी जास्त रेंगाळतो, सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की आपण रेंगाळतो तसा. आमच्याकडे वस्तू दोन प्रकारच्या, खाचांचे प्लॅस्टिकचे ठोकळे आणि काचेच्या बाटल्या. निम्म्या उंदरांना आधी ठोकळे दाखवायचे, निम्म्यांना आधी बाटल्या.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर निकाल बिघडले. निरोगीच नापास झाले तर आजाऱ्यांची तुलना कशाशी करणार? गोळी बनवणाऱ्या क्लायंटचा रिव्ह्यू तोंडावर आलेला, आणि सरांना कारण हवं होतं. उंदीर घाबरला की नीट वागत नाही, हे खरंच आहे. त्यांनी ते सरळ हर्षलाच्या माथी मारलं.

हर्षला रडवेली झाली. “मॅडम, मी शेपटी धरतच नाय. ओंजळीत घेते. तुमीच शिकवलंत ना?”

मीच शिकवलं होतं. मला सरांचा भयंकर राग आला. रागारागात मी सगळे व्हिडिओ उघडले आणि सरासरी बाजूला ठेवून एकेक उंदीर बघायला घेतला. आधी बाटल्या पाहिलेले उंदीर विलक्षण हुशार. आधी ठोकळे पाहिलेले अगदीच ढ. दोन्ही एकत्र केले की सगळेच विसराळू दिसायचे. पण हुशार असो की ढ, प्रत्येक जण ठोकळ्यालाच नाक लावून बसला होता.

मग मीही नाक लावलं.

“कसला वास हाय?” हर्षलानं विचारलं.

“देवघराचा.”

ठोकळ्याच्या खाचांत पिवळं दिसत होतं. प्रत्येक उंदरानंतर आम्ही वस्तू अल्कोहोलनं पुसतो. पण खाचेत गेलेली हळद कुठली निघतेय! मी ठोकळा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, खंडेनवमीला यांना हळद-कुंकू कोणी लावलं?”

“ठोकळ्यांना? छे! आपण फक्त मशिन्सची पूजा केली.”

“तुम्हीच लावलंत, सर.”

“मी? शक्यच नाही. मला आठवलं असतं.”

मी फोनवर त्यांचा स्वतःचा डीपी उघडून पुढे धरला. पेटीला झेंडूची माळ, सरांच्या चिमटीत कुंकू, समोर ओळीनं मांडलेले ठोकळे.

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, “फोटो चांगला आलाय.”

रिव्ह्यू पुढे ढकलावा लागला. क्लायंटला कारण देताना सरांनी ‘ऑलफॅक्टरी इंटरफेरन्स’ असा भारदस्त शब्द वापरला. म्हणजे वासाची लुडबुड. कोणाच्या वासाची, ते क्लायंटनं विचारलं नाही. मग नवे ठोकळे आले, नवे उंदीर आले, आणि ते ओंजळीत घ्यायला हर्षलाच होती. निरोगी उंदीर व्यवस्थित पास झाले. हर्षलाचं कन्फर्मेशनही झालं.

यंदा खंडेनवमीला सर ताट घेऊन आले, तर ती दारातच उभी. “सर, पूजा बाहेर. आत आमी अक्षता पन नाय घेत.” सर निमूटपणे प्रिंटरकडे वळले.

कोणी परीक्षेत नापास झालं, तर त्याला ढ ठरवण्याआधी प्रश्नपत्रिका हुंगून बघावी, एवढं मी यातून शिकले. बाकी त्या सगळ्या अभ्यासात स्मरणशक्ती खरोखर गेलेला एक नमुना आम्हाला सापडला होता. पण तो पेटीत मावत नव्हता.