कॅनडाचा मिस कॉल

जगात कुठल्या देशात घरचं इंटरनेट केवढ्याला पडतं आणि महिन्याला किती डेटा वापरू देतात, हे त्या त्या देशाच्या मंत्र्यांना एक वेळ सांगता येणार नाही. जाम गावाजवळ हायवेवर टायर विकणारे माझे साडू मात्र झोपेतून उठून सांगतील. त्यांच्या दुकानात देवाच्या तसबिरीखाली भिंतीवर ऑइलपेंटने आखलेला तक्ता आहे : देश, दर, लिमिट. गाडी जॅकवर चढली, की गिऱ्हाईक अडकलंच. "बाहेरदेशी कोणी आहे का तुमचं? तिकडं घरचं नेट कितीले पडते?" असं विचारत विचारत, पंक्चर काढता काढता त्यांनी अकरा देश जमवले. आंजी गावातल्या एका लग्नात जर्मनीत नोकरी करणाऱ्या नवरदेवाला सगळे आडून आडून पगार विचारत होते, यांनी अक्षता पडताच विचारलं, "जवाईबापू, अनलिमिटेड म्हणता, पण कितीपर्यंत अनलिमिटेड?"

हा सगळा खटाटोप लेकीपायी. ती कॅनडाला असते, आणि तक्त्यात कॅनडाची ओळ सगळ्यात महाग. म्हणून यांनी नियम केला : दर रविवारी सकाळी तिने नुसता मिस कॉल द्यायचा, व्हिडिओ कॉल इकडून हे लावणार. "लावणाऱ्याचा खर्च. आपलं नेट सस्तं, तर तिचं कायले जाळाचं?" चार वर्षं हे चाललं. नव्या टायरच्या नक्षीपासून गिरडच्या टेकडीपर्यंत सगळं ते तिला तासतासभर दाखवत.

मी याद्या ठेवणारा माणूस. चुकीची नोंद दिसली, की माझे हात शिवशिवतात. एकदा बोलून गेलो, "साडूभाऊ, फोन कोणीही लावा, डेटा दोन्हीकडचा जातो." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे चार वर्षं मीच पोरीचं नेट जाळून राह्यलो?" पुढच्या रविवारी कॅमेरा बंद ठेवून "बरे आहोत, ठेवतो" एवढंच बोलले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

मग लेकीचा मला फोन. "मावसाजी, बाबाले काय सांगतलं तुम्ही?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ते तर मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि माझ्या घरच्या नेटले लिमिटच नाई."

"मग बोलली काऊन नाई?"

"मी मिस कॉल दिला, की मिनिटभरात फोन येते. एवढ्या मोठ्या देशात असं कोण आहे मले?"

रविवारी तिने फोनवर पाठवलेल्या बिलाचा छापील कागद घेऊन मी जामला गेलो. साडूंनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, 'अटी लागू' कुठे लपलंय ते बोटाने शोधलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर लेकीचं नाव. ते नुसते बघत राहिले.

"अहो, उचला ना!"

"थांबा हो. पोरीचा मिस कॉल आहे, पुरा होऊ द्या."

तीन रिंगा झाल्या, फोन थांबला. साडूंनी ग्रीसचे हात पुसले, टोपी सरळ केली, कॅमेरा चालू केला आणि इकडून फोन लावला. 'लावणाऱ्याचा खर्च' ही नोंद चुकीचीच होती. मी ती तशीच राहू दिली.