परवलीचा शब्द वाकटी

गव्हाणच्या तुळशीरामचे वडील मिठागरात राबले, भाऊ जमिनीच्या दलालीत शिरले, आणि हा पठ्ठ्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाला. तब्बल बावीस वर्षं. दर सफरीला पनवेलच्या बाजारातून सुकी वाकटी घेतल्याशिवाय त्याचा पाय घराबाहेर पडायचा नाही. त्या सुक्या मासळीच्या वासानं कप्तान उदयसिंह नाक मुरडायचे, पण कालवण मात्र वाटीभर जास्त घ्यायचे. मोठ्या माणसांचं हे असंच.

गेल्या वर्षी एडनच्या आखाताजवळ समुद्री चाचे जहाजावर चढले. अठरा जणांनी इंजिनाजवळच्या पोलादी खोलीत स्वतःला आतून कोंडून घेतलं. उपग्रह फोनवर भारतीय नौदलाशी बोलणं झालं. सुटकेला येणाऱ्यांनी दाराशी एक शब्द सांगायचा, तरच दार उघडायचं, असं ठरलं. चाच्यांना सुचणार नाही असा शब्द कुठला? भल्याभल्यांची बोबडी वळलेली. तुळशीराम म्हणाला, "वाकटी सांगा, साहेब." शब्द कळवला आणि फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी संपलं. इंजिनवाला प्रणित उकाड्यानं बेशुद्ध पडला. तेवढ्यात वर गोळ्या वाजल्या, मग शांतता, मग दारावर थाप. बाहेरून कुणीतरी जाड आवाजात ओरडलं, "व्हेकेशन!"

"हा आपला शब्द नाही," कप्तान पुटपुटले. "दार उघडायचं नाही."

त्यांचंही चुकत नव्हतं. बाहेर चाचे असले तर अठराच्या अठरा जण ओलीस. पण न उघडावं तर प्रणित हातचा जाणार.

तुळशीरामचं डोकं चाललं. "साहेब, आपल्या नौदलानं कुना गोऱ्यांना धाडलं आसंल. त्यांची जीभ वाकटीला कशी वळंल? वाकटीचंच व्हेकेशन झालं आसंल. चाच्यांना तर एवढं पन ठाव नाय."

कप्तानांनी त्याच्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. तुळशीरामनं कडी काढली.

बाहेर परदेशी नौसैनिक उभे होते. त्यांची युद्धनौका सगळ्यात जवळ होती, म्हणून आपल्या नौदलानं त्यांना साद घातली होती, आणि बिचारा शब्द वाटेतच सुट्टीवर गेला होता. त्यांनी आधी प्रणितला उचललं. सलाईन लागल्यावर तासाभरात तो चहा मागायला लागला.

मग एका नौसैनिकानं तुळशीरामला घरी बोलायला फोन दिला. त्याच्या बायकोनं, मनिषानं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमी जेवले का?"

बावीस वर्षं अख्ख्या जहाजाला जेवू घालणाऱ्या माणसाला हुंदका आवरेना. त्या नौसैनिकाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.