भिंतीवरचा गुळाचा डबा

शकूची दातखीळ बसली होती, तोंडाला फेस आला होता आणि भगत तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरून बसला होता. माझी शकू तेव्हा तिसरीत. शेजारी सासूही तशीच हातपाय झाडत होती. भगत म्हणाला, जंगलातली बाई लागली, दोघींनाही. तेवढ्यात भोयर मास्तर धोतर सावरत घरात शिरले. त्यांनी धुरीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला विचारलं, "गुळाचा डबा कुठी हाय?"

त्यांना तो डबा ठाऊक होता शाळेच्या भिंतीमुळे. मास्तर गणित पुस्तकातून शिकवतच नसत. "पुस्तकातलं पुस्तकाले ठाव हाय. तुह्या घरचं सांग," म्हणायचे. पोरांनी घरी पाहायचं, मोजायचं आणि भिंतीवर गेरूनं काढायचं. "पाह्यलं ते काढा. आयकलं ते नोका काढू." एकदा घरात कोण काय काम करतं ते काढायला लावलं. आयांपुढे घागरी, जातं, सरपण. बापांपुढे बिडी. सरपंचाच्या पोरीनं तर बाप झोपलेलाच काढला. बाप भिंत पुसायला निघाले. मास्तर म्हणाले, "पुसा ना बापा. पन आधी घागर भरून आना." भिंत तशीच राहिली.

मग घरातले डबे निघाले. शकूनं पाच काढले, त्यातल्या एकावर माणसाची कवटी. सासू म्हणाली, "माहं डोस्कं काढलं काय वं?" सगळे हसले, मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी घरी आले. कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा होता तो. झाकण घट्ट, म्हणून सासूनं राखेनं घासून त्यात नुकताच गूळ भरला होता. तेव्हा घरोघरी असे डबे होते. मास्तर म्हणाले, फेका. सासू म्हणाली, "लोकायचे डबे मोजत फिरते, लाज नाई वाटत? तुह्या बायकोचे मोज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-नातीनं त्यातलाच गूळ भाकरीशी खाल्ला. शकू शाळेत दिसली नाही, म्हणून मास्तर धावत आले होते.

त्यांनी दोघींना बैलबंडीत घातलं. भगत ओरडला, "रस्त्यात मेल्या तं?"

"तं भिंतीवर तुले काढीन, धुरीसकट."

हिंगणीपर्यंत बंडी, पुढे कापसाच्या ट्रकनं वर्धा. मास्तर डबा मांडीवर घेऊन बसले होते. दवाखान्यात डॉक्टरनं आधी डबा पाहिला, मग माणसं.

त्यानंतर पोरांनी घरोघरी कवट्या शोधल्या. बायकांनी मास्तरांना शिव्या देत डबे गावाबाहेर पुरले.

मास्तर पुढे बदलून गेले. ते वारले म्हणतात. हे ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर सासूनं उंबरठ्यातच विचारलं, "माहा डबा कुठी हाय?"

दोघी वाचल्या.