फोडणीचा वास

फोडणीच्या वासानं देवी कोपते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला मोठीमायनं सांगितलं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावजयीनं. माझ्या धाकट्या बहिणीला तेव्हा गोवर निघाला होता.

झरी गावातल्या आमच्या घरात करडईचं तेल कधी सरत नसे. मोठीमायनं ती बरणीच उचलून आपल्या खोलीत नेली. "आई आल्यात घरात. फोडणी न्हाई, चटणी न्हाई." दाराला कडुलिंबाचा पाला, ताटात पाण्यासारखं वरण. बहीण तेल घातलेली जवसाची चटणी मागत राहिली. वडील बाजारात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे. ती वाचतच मी मोठी झाले. घरी मात्र तेही गुमान ते वरण ओरपत. भावजयीच्या तोंडाला कोण लागणार?

ताप उतरला, पण बहिणीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. ती नजर गेली ती गेलीच.

परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोवर अंगातलं अ जीवनसत्त्व ओरबाडून नेतो. त्याचा डोस लगेच द्यायला हवा होता. जेवणातलं हे जीवनसत्त्वही तेलातुपाशिवाय नीट अंगी लागत नाही, आणि विषाणूशी लढणाऱ्या पेशींच्या आवरणांनाही तेलातुपातली मेदाम्लं लागतात. "तेलानं गोवर बरा होत नाही. पण लढणाऱ्याचं जेवण कशाला तोडायचं?"

त्या दिवसापासून मी सुडाची वाट पाहत होते.

यंदा मोठीमायच्या नातीला गोवर निघाला. बरणी पुन्हा खोलीत गेली. मी आणि पोरीच्या आईनं आधी पोरीला दवाखान्यात नेऊन डोस दिला. मग मी खोलीतून बरणी आणली, मोठीमायच्याच चुलीवर कढई ठेवली आणि मऊ वरणाला लसणाची फोडणी दिली.

"अगं, कोपंल ती," मोठीमाय दारातून म्हणाली.

"कोपू दे. मागच्या बारीला उपाशी ठेवून तरी कुठं खूश झाली?"

बहीण पोरीला भरवत होती. ती वर न बघताच म्हणाली, "मोठीमाय, वास यायलाय का? या डोळ्याला दिसत न्हाई, पण नाक शाबूत हाय माझं."

मोठीमाय खाली बसली. तिला पाणी द्यायला मी उठले नाही. अजूनही उठावंसं वाटत नाही.

तुमच्या लेकरांना गोवराची लस टोचून घ्या. तरी गल्लीत कुणाला गोवर निघालाच, तर त्या लेकराला दवाखान्यात न्या. मग त्याच घरात फोडणी द्या, आणि दार सताड उघडं ठेवा.